व्यायामशाळेतील भुकटी आणि मनाची गोळी

ठाण्यात मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. तरीही मनाच्या दुखण्यावरील गोळी पुष्कळ घरांत लपवूनच घेतली जाते. कल्याण-डोंबिवलीचा नोकरदार तरुण सायंकाळी व्यायामशाळेत शरीरसौष्ठवाची भुकटी चारचौघांत घेतो, गोळीचा उल्लेख मात्र करीत नाही. आणि डॉक्टरांपुढे भुकटीचा!

दुधापासून काढलेली प्रथिने सहसा या गोळ्यांच्या आड येत नाहीत. व्यायामापूर्वी घ्यावयाच्या उत्तेजक मिश्रणांची गोष्ट निराळी. त्यांत बहुधा कॅफीन असते, आणि फ्लुवॉक्झामिन हे औषध चालू असता कॅफीन शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. छाती धडधडते, झोप उडते. रुग्णास वाटते, दुखणेच बळावले. सेरोटोनिन वाढविणाऱ्या औषधाच्या जोडीला ५-एचटीपी किंवा सेंट जॉन्स वर्ट पोटात गेल्यास कंप, ताप व भ्रम होऊन प्रसंगी जिवावर बेतते. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

डब्यावरील अन्नपरवाना हा औषधाशी जुळण्याचा दाखला नव्हे. तो डबाच डॉक्टरांना दाखवावा. गोळी मात्र आपल्या मनाने एकाएकी सोडू नये. सल्ल्यासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीतूनही बोलता येते.