पिस्तुलाचा भरवसा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे शस्त्रे बाहेर काढतात, पुसतात आणि त्यांना हळदकुंकू वाहतात. या पूजेत एक व्यवहारी शहाणपणही आहे. चार महिने पावसाची ओल खाल्लेले लोखंड एकदा उघडून पाहिल्याशिवाय पुन्हा हाती धरू नये, हे ते शहाणपण. आज मी ज्या शस्त्राविषयी बोलणार आहे ते लढाईचे नाही, खेळाचे आहे. पण भरवशाच्या म्हशीला टोणगा ही म्हण त्यालाही लागू पडते.

2024 च्या 1 ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. अशी बातमी आली की घरातले एखादे पोर हट्ट धरते, “मलाही नेमबाजी शिकायचीय!” मग आईबापांच्या मनात पहिला प्रश्न येतो : यात धोका तर नाही ना? दुसरा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही : हे हत्यार ऐन वेळी चालेल ना? मला एवढेच सांगायचे आहे की हे दोन प्रश्न निराळे नाहीत.

खेळाची पिस्तुले मुख्यतः दोन प्रकारची. पहिले हवेचे. ते 10 मीटरवर चालते. नळीखालच्या नळकांड्यात दाबून भरलेली हवा 4.5 मिलिमीटरचा छर्रा पुढे ढकलते. त्याच्या चापाला किमान 500 ग्रॅम जोर लागला पाहिजे, असा नियम आहे. दुसरे 25 मीटरचे. त्यात ‘पॉइंट टू-टू’चे खरे काडतूस असते आणि चापाचा किमान जोर 1000 ग्रॅम असतो. अर्धा किलो किंवा एक किलो, एवढ्यावर सगळा खेळ!

ही पिस्तुले नामवंत कारखान्यांची आणि महागामोलाची असतात. तरीही ती दगा देतात. 2019 च्या मे महिन्यात म्युनिकच्या विश्वचषक स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने 25 मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत 50 पैकी 37 नेम साधून सुवर्णपदक जिंकले आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जागाही मिळवली. त्याच फेरीत हरियाणाची मनू भाकर आघाडीवर असताना तिचे पिस्तूल अडले आणि ती पाचवी आली. राहीच्या सुवर्णाला यामुळे कसलाही उणेपणा येत नाही, कारण पिस्तूल चालते ठेवणे हा स्पर्धेचाच भाग आहे. पुढे 25 जुलै 2021 रोजी टोकियोत मनूचे हवाई पिस्तूलही मध्येच बिघडले. 60 नेमांसाठी 75 मिनिटे असतात. दुरुस्तीत त्यांतली बरीच मिनिटे गेली. घड्याळ काही थांबले नाही. 575 गुणांवर ती बारावी राहिली. अंतिम फेरी अवघ्या दोन गुणांनी हुकली.

असे का होते? पॉइंट टू-टूच्या काडतुसाचा पेटणारा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत गोल पसरलेला असतो. कडेच्या एखाद्या जागी तो नीट पोचला नसेल आणि ठोका नेमका तिथेच बसला, तर चाप ओढूनही बार उडत नाही. शिवाय, हात हलू नये म्हणून नेमबाजीची काडतुसे मुद्दाम मंद ठेवलेली असतात. पण पिस्तुलाचा मागचा भाग सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर टाकतो आणि नवे काडतूस आत घेतो, ते त्या धक्क्याच्याच जोरावर. धक्का मुळातच बेताचा. त्यात दारूची काजळी, गोळीवरचे मेण आणि सुकलेले वंगण यांचा थर बसला की पुंगळी दारातच अडकते. म्हणजे पाहा, ज्या गुणामुळे हे पिस्तूल अचूक, त्याच गुणामुळे ते नाजूक.

ओल म्हणजे काय, हे पाचगणीत राहणाऱ्याला सांगायला नकोच. पावसाळ्यात धुके थेट खोलीत येऊन बसते, चपलांना बुरशी धरते, पेटीच्या कड्या गंजतात. अशा हवेत पिस्तूल स्पंजाच्या पेटीत महिनोन्महिने मिटून ठेवले, तर स्पंज ओल धरतो आणि लोखंड ती शोषल्यासारखे गंजते. पुसून, तेलाचा हलका हात देऊन, पेटी अधूनमधून उघडून ठेवणे हाच त्यावर उपाय. काडतुसेही कोरडी राहिली पाहिजेत.

आता धोक्याकडे वळू. चाप ओढला, ‘टक्’ असा आवाज झाला, आणि पुढे काहीच नाही. नवखा मुलगा काय करतो? “काय झालं रे याला?” म्हणत शेजाऱ्याकडे वळतो. त्याच्याबरोबर नळीही वळते! वास्तविक ते काडतूस क्षणभर उशिराही उडू शकते. किंवा आधीची गोळी नळीतच अडकलेली असेल, तर तिच्यामागून दुसरी झाडल्यावर नळी फुटू शकते. न उडालेले पिस्तूल रिकामे असते असे मुळीच नाही.

म्हणूनच 25 मीटरच्या स्पर्धेचा आंतरराष्ट्रीय नियम मला फार आवडतो. पिस्तूल अडले तर नळी लक्ष्याकडेच ठेवायची, मोकळा हात वर करायचा आणि पंचांना बोलवायचे. बिघाड खरा ठरला, तर ती मालिका पुरी करण्याची किंवा पुन्हा झाडण्याची संधी मिळते. पण पंचांनी तपासण्यापूर्वी नेमबाजाने यंत्राला हात लावला, तर तो बिघाड धरतच नाहीत. काडतूस भरायला विसरला, मॅगझीन नीट बसवले नाही, सुरक्षेचा खटका तसाच राहिला, तर दोष त्याचाच. हात आवरणाऱ्याला न्याय मिळतो, आणि शेजारी उभा असलेला माणूसही सुखरूप राहतो.

हवाई पिस्तुलाला लोक खेळणे समजतात. 2016 च्या शस्त्र नियमांनी ठरावीक ताकदीपर्यंतच्या हवाई हत्यारांना परवान्यातून सूट दिली आहे, हे खरे. पण ती सूट परवान्यापुरतीच. छर्रा डोळा फोडतो तो फोडतोच. नळकांड्यातला हवेचा दाब 200 बारपर्यंत असतो, मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या जवळजवळ नव्वदपट. म्हणून नळकांड्याला मुदत असते, बहुधा दहा वर्षांची. ती उलटलेली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी खुद्द नेमबाजाची आहे. जुने पिस्तूल स्वस्तात मिळते म्हणून घेणार असाल, तर आधी नळकांड्यावरची तारीख वाचा.

मुलाला एखाद्या क्लबात घालण्यापूर्वी तिथे तासभर स्वस्थ बसून पाहा. भिंतीवरची पदके मोजू नका. कुणाचे पिस्तूल अडले तर मुले काय करतात, ते पाहा. हात वर जातो का? नळी समोरच राहते का? शिक्षक येईपर्यंत बाकीचे थांबतात का? झाडून झाल्यावर पिस्तूल रिकामे असल्याची रंगीत खूण नळीत घालतात का? हे सगळे होत असेल, तर मुलाला खुशाल तिथे पाठवा.