हृदयाची लय, थकवा आणि औषधाची मात्रा
(भाषणाचा मजकूर)



दसरा आटोपला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील अनेक गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी टोळीबरोबर साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत तेथेच राहतात. पतिपत्नीच्या या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून ओळखले जाते. त्यांपैकी एकाने काम चुकविले की खाडा पडतो. अशा व्यवहारात ‘थकवा येतो’ ही तक्रार किती महाग पडते, याचा विचार दवाखान्यात सहसा होत नाही. हृदयाच्या ठोक्यांसाठी रोज गोळी घेणाऱ्या मजुराच्या बाबतीत तर तो अवश्य व्हावयास हवा.

हृदयाची लय बिघडण्याची कारणे अनेक आहेत. ग्रामीण भागातील तुलनेने तरुण रुग्णांत एक जुने कारण अद्यापि आढळते. बालपणी घसा सुजून संधिवाती ज्वर येतो, त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात, आणि पुढे वरचे कप्पे नियमित आकुंचन पावण्याऐवजी थरथरू लागतात. या विकारास ॲट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात नाडी जलद आणि अनियमित होते. ती आवरण्यासाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या, डिगॉक्सिन, आणि काही रुग्णांना ॲमिओडॅरोन दिले जाते. ही औषधे आवश्यक आहेत. परंतु ठोके आवरणारे औषध माणसाचा उत्साहही आवरू शकते, आणि रुग्ण ते बोलून दाखवितो तेव्हा त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठविणे हा अन्याय होय.

बीटा ब्लॉकरचे कार्य समजून घेतले की या तक्रारीचा उलगडा होतो. श्रम पडू लागताच शरीर हृदयाला वेग वाढविण्याची आज्ञा देते. ही गोळी त्या आज्ञेची धार बोथट करते. रुग्ण बाकावर बसलेला असताना नाडी ७० भरते, रक्तदाब ठीक असतो, कागदावर सारे उत्तम दिसते. तोच रुग्ण उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो, तेव्हा हृदयाने जो वेग घ्यावयास हवा तो त्याला घेता येत नाही. पाय जड होतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बसून केलेल्या तपासणीत हा दोष सापडणे कठीण. म्हणून अशा रुग्णाला दवाखान्याच्या आवारात दोन-चार फेऱ्या मारावयास लावून नाडी पुन्हा मोजावी, आणि तो काय काम करतो हे आधी विचारावे. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे काही ठोके मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत; त्यामुळे स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजणे अधिक खात्रीचे. हे काम उपकेंद्रातील परिचारिकाही उत्तम करू शकते.

प्रत्येक थकव्याचा दोष गोळीकडे जात नाही, हेही तितकेच खरे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांत रक्तक्षय पुष्कळ आढळतो. ॲमिओडॅरोनमध्ये आयोडीनचे प्रमाण मोठे असल्याने थायरॉईड ग्रंथी मंदावू शकते, आणि तो थकवा गोळी अर्धी केल्याने लगेच जात नाही. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांनी पोटॅशियम कमी होते. झडपच अधिक अरुंद होत चालली असेल, तर मात्रेशी खेळत बसण्यात मौल्यवान वेळ जातो; अशा रुग्णाची इकोकार्डिओग्राफी करून झडपेचा फुग्याने अथवा शस्त्रक्रियेने उपचार करावा लागेल का, हे ठरविणे जरूर असते. त्याला मोळी उचलावयास पाठविणेही योग्य नव्हे.

हे सर्व तपासल्यानंतर मात्रा कमी करण्याचा प्रश्न येतो. पूर्वी असा समज होता की नाडी जितकी काटेकोर आवरावी तितके बरे. नेदरलँड्समध्ये ६१४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या समजास धक्का दिला. कायमचे ॲट्रियल फिब्रिलेशन असलेल्या या रुग्णांपैकी काहींची विश्रांतीतील नाडी ८० च्या आत ठेवली गेली, तर काहींची केवळ ११० च्या आत. सैल बंधनातील रुग्णांची प्रकृती अधिक वाईट झाली नाही. त्याआधी १९८९ साली अमेरिकेतून आणखी कठोर धडा मिळाला होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे जादा ठोके औषधांनी दाबले गेले खरे, परंतु औषध घेणाऱ्यांतच अधिक माणसे दगावली आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. ठोका नीट दिसणे आणि रुग्ण नीट असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

तथापि नेदरलँड्सचा ११० हा आकडा माइट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णास सरसकट लावता येणार नाही. अरुंद दारातून रक्त पुढे जाण्यास वेळ लागतो. ठोके जलद झाले की तो वेळ मिळत नाही, रक्त फुप्फुसात तुंबते आणि धाप लागते. त्या रुग्णात नाडी संथच हवी. मात्रा किती उतरवावी हे झडप पाहिल्यावाचून सांगता येत नाही, ते याच कारणास्तव.

सर्वांत घातक मार्ग म्हणजे गोळी एकाएकी बंद करणे. बीटा ब्लॉकरची सवय झालेले हृदय गोळी थांबताच उलट उसळी घेते. नाडी सुसाट होते, छातीत दुखू लागते. मात्रा एक-दोन आठवड्यांत, टप्प्याटप्प्याने, नाडी पाहत उतरवावयाची असते. कधी मात्रा तीच ठेवून वेळ बदलल्यानेही फरक पडतो. ॲमिओडॅरोनचा स्वभाव याच्या अगदी विरुद्ध. ते शरीरात आठवडे नव्हे, महिने रेंगाळते. शिवाय ते डिगॉक्सिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा प्रभाव वाढविते. ते कमी केले की पुढील काही महिन्यांत वॉरफरिनचा प्रभाव हळूहळू ओसरतो, आणि रक्ताची तपासणी झाली नाही तर गाठ होऊन पक्षाघाताचा धोका उभा राहतो.

डिगॉक्सिनविषयी थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला. मळमळ सुरू झाली, नाडी मंदावली, की औषध थांबवा, अशी ताकीद त्याने तेव्हाच देऊन ठेवली होती. आपल्याकडे कुंपणाला लावली जाणारी पिवळी कण्हेर याच जातीचे विष बाळगते, हे खेड्यातील माणसाला ठाऊक आहे. गोळीतील द्रव्य तिचेच भावंड आहे, हे मात्र कोणी त्याला सांगत नाही. औषध आणि विष यांतील अंतर येथे फार थोडे. फडात उन्हाने अंगातील पाणी आटले, जुलाब लागले, मूत्रपिंड मंदावले, की रोजची योग्य मात्राही जास्त होते. भूक जाणे, ओकारी, दृष्टीला पिवळसर झाक येणे, या खुणा दिसताच त्या दिवसाची गोळी न घेता दवाखाना गाठावा.

रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र या हिशेबात धरू नये. थकवा तिच्यामुळे सहसा येत नाही. परंतु कंटाळलेला रुग्ण सर्वच पुड्या एकदम बाजूला ठेवतो आणि नेमकी तीच सुटते. संधिवाती झडपेच्या रुग्णांत, भारतासह अनेक देशांतील साडेचार हजारांहून अधिक जणांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात वॉरफरिनसारखी जुनी औषधेच नव्या रिव्हारोक्साबानपेक्षा सरस ठरली. नियमित रक्ततपासणीची कटकट टाळण्यासाठी परस्पर गोळी बदलणे म्हणूनच परवडणारे नाही.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सत्तरच्या दशकात खेड्यातील रुग्णांसाठीच उभे राहिले. मात्रेतील बदल टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी करू नयेत. श्रावण-भाद्रपदात रुग्ण गावीच असतो, तेव्हा अशा ठिकाणी तपासणी करून गोळी उतरवावी आणि त्यानंतरची नाडी गावातच पाहावी. निघताना त्याच्याजवळ मराठीत लिहिलेला एक कागद असावा: गोळीचे नाव, सकाळ-संध्याकाळची मात्रा, कोणत्या तारखेस ती कमी केली, आणि बसून व चालून मोजलेली नाडी. कारखान्याजवळच्या दवाखान्यातील अपरिचित डॉक्टरला त्यावरून निर्णय घेता येतो; अन्यथा नाडी जरा जलद लागताच तो जुनीच मात्रा पुन्हा सुरू करतो.