एका सामन्यात दोन लक्ष्यं

मला तिरंगी मालिका आवडते, कारण तिच्यात समोर नसलेल्या संघाशीही खेळावं लागतं.

२२ एप्रिल १९९८चा शारजाचा सामना घ्या. भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाने ७ बाद २८४ धावा केल्या. भारताची फलंदाजी चालू असताना वाळूचं वादळ आलं आणि चार षटकं कापली गेली. आता ४६ षटकांत जिंकायला २७६ धावा हव्या होत्या. पण मालिकेतल्या तिसऱ्या संघाला, न्यूझीलंडला, नेट रनरेटवर मागे टाकून अंतिम फेरी गाठायला २३७ पुरेशा होत्या.

म्हणजे फळ्यावर दोन आकडे होते. एक टिकून राहण्याचा, दुसरा जिंकण्याचा.

सचिन तेंडुलकरने १३१ चेंडूंत १४३ धावा केल्या. २३७चा टप्पा ओलांडल्यावरही तो थांबला नाही, विजयासाठीच फटके मारत राहिला आणि त्यातच बाद झाला. भारत ५ बाद २५०वर थांबला, २६ धावांनी हरला. तरीही अंतिम फेरीत गेला.

दोनच दिवसांनी, त्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनने १३४ धावा केल्या आणि भारताने सहा गडी राखून कप जिंकला.

तुमच्याही कामात असे दोन आकडे असतात. पास होण्याचा आणि उत्तम करण्याचा. मला एवढंच सांगायचंय: पहिला आकडा आधी गाठा, त्याला कमी लेखू नका. पण तो गाठल्यावर बॅट खाली ठेवू नका.