आशियाचा अभ्यास : कोणाच्या दृष्टीने?



'प्राच्य' म्हणजे पूर्वेकडील. पण कोणाच्या पूर्वेकडील? प्रश्न साधा आहे; मात्र त्याने जगातील अनेक विद्यापीठांना आत्मपरीक्षण करावयास लावले आहे.

सन १७८४ मध्ये सर विल्यम जोन्स यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापन झाली. प्राच्यविद्येस तिने मोठी चालना दिली, हे निर्विवाद होय. तथापि, त्या काळी अभ्यासक हा राज्यकर्ता आणि अभ्यासविषय ही प्रजा, असेच नाते होते. लंडनमधील पौर्वात्य विद्यांची प्रशाला १९१६ साली निघाली, तीही प्रामुख्याने साम्राज्याच्या कारभारास भाषाज्ञ अधिकारी मिळावेत म्हणून.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने या कार्यात पुढाकार घेतला. तेथील १९५८ च्या कायद्याने आशियाई भाषांच्या अध्यापनास अनुदाने मिळू लागली. परंतु त्या कायद्याच्या नावातच 'संरक्षण' हा शब्द होता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६८ मध्ये, तरुण अभ्यासकांनी संघटित होऊन विचारले : हे ज्ञान नेमके कोणाच्या उपयोगाचे? पुढे १९७८ मध्ये एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' या ग्रंथाने हा वाद सर्वदूर पोचविला. केंब्रिजने २००७ मध्ये आणि ऑक्सफर्डने २०२२ मध्ये आपल्या विद्याशाखेच्या नावातून 'प्राच्य' हा शब्द वगळला. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात २००१ पासून आशिया संशोधन संस्था कार्य करीत आहे. आशियाचा अभ्यास आता आशियातूनही होत आहे.

केवळ फलक बदलल्याने दृष्टी बदलत नाही. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी पोथ्यांबरोबरच धनगरांच्या मौखिक ओव्यांनाही प्रमाण मानले. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांत गाणाऱ्या स्त्रियांची व त्यांच्या गावांची नोंद आहे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे, त्यांचे नाव आणि त्यांची भाषा ज्ञानात उरते काय, हीच या परिवर्तनाची खरी कसोटी होय.

या कार्यात गावालाही वाटा उचलता येईल. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी वृद्ध स्त्रियांच्या ओव्या, गायिकेच्या संमतीने व नावानिशी, लिहून घ्याव्यात. ग्रामपंचायतीने त्या वह्या जपाव्यात. जाती थांबली आहेत. गाणारे कंठही विरळ होत आहेत. जे आज लिहिले जाणार नाही, ते उद्या कोणत्याही विद्यापीठास सापडणार नाही.