भोंगा आणि तारे



1906 सालच्या जानेवारीत परळच्या जेकब ससून गिरणीत मोठी गडबड झाली. हजारो कामगारांनी काम नाकारलं, दगडफेक झाली. पगार कापला म्हणून नव्हे, की जॉबरनं कुणावर हात टाकला म्हणूनही नव्हे. भांडण घड्याळाशी होतं. 1 जानेवारीपासून सरकारनं साऱ्या देशाला एकच प्रमाणवेळ लावून दिली होती आणि ती मुंबईच्या आपल्या वेळेपेक्षा 39 मिनिटं पुढे होती. म्हणजे घड्याळ सरकवल्यावर सहाचा भोंगा सहालाच वाजणार, पण बाहेर उजेड पाच एकवीसचा. त्याच सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे येऊ लागले होते आणि कामाचा दिवस रात्रीत घुसत चालला होता. त्यात आता सकाळही पळवतात, असं कामगारांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

महानगरपालिकेलाही नवी वेळ मानवली नाही. तिनं त्याच वर्षी ठराव करून आपली घड्याळं जुन्या वेळेवर ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतर काही वर्षांपर्यंत. तोवर मुंबईत कुणी नऊला भेटू म्हटलं की विचारावं लागे, ‘नऊ म्हणजे स्टँडर्ड की बॉम्बे?’ याआधी 1881 साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादून पाहिली होती. 1883 साली ती मागे घ्यावी लागली. वेळेच्या बाबतीत हे शहर फार हट्टी.

ही मुंबईची वेळ आणत होते तारे, आणि ती मोजून घ्यायची जागा होती कुलाब्याची वेधशाळा. ईस्ट इंडिया कंपनीनं ती 1826 साली बांधली. कंपनीला आकाशाचं कौतुक होतं असं समजू नका, तिला जहाजांची काळजी होती. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम किती सरकलो हे कळायला जहाजावर बिनचूक चालणारं घड्याळ लागतं, आणि ते घड्याळ बंदर सोडण्याआधी कशाशी तरी ताडून पाहावं लागतं. दुपारचा सूर्य त्या कामाला पुरेसा नाही. तो थाळीएवढा मोठा, नेमका मध्य धरणं कठीण, शिवाय त्याची चाल वर्षभर सारखी नसते. कधी तो घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे, आणि हा फरक 16 मिनिटांपर्यंत जातो. तारा मात्र एक बिंदू. तो आज जिथून गेला तिथूनच उद्या 23 तास 56 मिनिटं 4 सेकंदांनी जाणार.

म्हणून फक्त उत्तर-दक्षिण रेषेत फिरेल अशी दुर्बीण पक्क्या चौथऱ्यावर बसवायची. तिच्या भिंगापाशी कोळ्याच्या जाळ्याचा धागा ताणून लावलेला. निरीक्षक डोळा दुर्बिणीला आणि कान घड्याळाच्या टिकटिकीला लावून बसणार. तारा धाग्यामागून सरकला की त्या क्षणाची नोंद. अशा अनेक ताऱ्यांच्या नोंदींवरून घड्याळ किती मागे-पुढे आहे ते सेकंदाच्या अंशापर्यंत कळतं. मग बंदरात उंच खांबावरचा मोठा गोळा ठरल्या क्षणी खाली पडायचा आणि गोदीतल्या जहाजांचे कप्तान तो पाहून आपली घड्याळं लावायचे. कुलाबा ग्रिनिचच्या पूर्वेला 72 अंश 49 कलांवर आहे. 15 अंशांना एक तास या हिशेबानं मुंबईची वेळ येते 4 तास 51 मिनिटं. प्रमाणवेळ साडेपाच तासांची. परळच्या कामगारांची 39 मिनिटं ती हीच.

या वेधशाळेचा कारभार काही काळ बाळशास्त्री जांभेकरांकडे होता. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना दर 6 जानेवारीला हार घालतो, त्यांची ही बाजू कुणी फारशी सांगत नाही. आणि 1840च्या दशकात तिथेच प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली अलिबागजवळच्या नागावचा एक तरुण नोंदी घेत होता. नाव केरो लक्ष्मण छत्रे. पुढे हेच केरूनाना पुण्याला गेले, डेक्कन कॉलेजात टिळकांना त्यांनी गणित शिकवलं. कुलाब्याच्या दुर्बिणीची शिस्त त्यांनी एका अगदी घरगुती वस्तूला लावली. ती वस्तू म्हणजे पंचांग.

छापील पंचांग तेव्हा मुंबईला नवं राहिलेलं नव्हतं. गणपत कृष्णाजींनी 1831 सालीच शिळाछापावर ते काढलं होतं. पण आतलं गणित जुन्या ग्रंथांचं, आणि शतकानुशतकं त्यात साचत आलेल्या चुकांमुळे पंचांगातलं ग्रहण आणि आकाशातलं ग्रहण यांची गाठ पडेनाशी झाली होती. केरूनानांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टकं’ छापली आणि 1865 पासून प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं पंचांग सुरू केलं. आबासाहेब पटवर्धनांनी पाठबळ दिलं म्हणून ते पटवर्धनी पंचांग.

इथेच वादाला तोंड फुटलं. राशिचक्र गोल, त्याची सुरुवात कुठून मोजायची? केरूनानांनी रेवती नक्षत्रातला एक तारा धरला. दुसरा पक्ष म्हणाला, चित्रेच्या समोरून मोजा. दोन्ही आरंभांत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या चालीनं चार दिवसांचा. टिळकांनी रेवतीची बाजू घेतली, म्हणून टिळक पंचांगात आजही मकरसंक्रांत 10 जानेवारीला येते. काही वर्षी अधिक महिनाच बदलतो, आणि टिळक पंचांग मानणाऱ्या घरातले गणपती शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी येऊन जातात. आपल्याकडे बहुतेक घरांत चित्रापक्ष चालतो, कालनिर्णयही त्याच वाटेनं जातं. वादात दोन्हीकडून मोठमोठे विद्वान होते आणि मला त्यात पंच व्हायचं नाही. गंमत एवढीच की रेवतीचा तो तारा इतका मंद आहे की आजच्या मुंबईतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसूच शकत नाही. चित्रा मात्र ठसठशीत दिसते. पुराव्यापेक्षा दिसण्याला मतं जास्त पडतात, हे मुंबईकरांना काय सांगायचं!

आता पावसाकडे. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, घाटावरून आलेली माणसं आपलं शेत गावी ठेवून आली, पण नक्षत्रं बरोबर घेऊन आली. 7-8 जूनला मृग लागला, त्याचं वाहन बेडूक की कोल्हा, याची चौकशी गिरणीच्या दारातही व्हायची. न पडतील मघा तर वरतीच बघा. पडतील स्वाती तर पिकतील माणिकमोती. या म्हणी ताऱ्यांच्या नावाच्या असल्या तरी तारे पाहून केलेल्या नाहीत. मृग लागला म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात शिरला. तेव्हा मृगाचे तारे सूर्यासोबत उगवतात आणि सूर्यासोबत मावळतात; त्या दिवसांत ते कुणालाच दिसत नाहीत. ज्याच्या नावानं पेरणी, तो त्या दिवसांत भर दुपारी आपल्या डोक्यावर असतो, उजेडात लपलेला. खरा मृग पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण दादर चौपाटीवरूनही दिसतो.

बोलण्यातल्या ताऱ्यांचं तर विचारूच नका. पोरगी नक्षत्रासारखी असते तेव्हा कौतुक, आणि ‘काय नक्षत्र आहे!’ म्हटलं की कुणाचा तरी उद्धार. कुणी सभेत अकलेचे तारे तोडतो. परळला शांतारामबापूंचा राजकमल चित्रपट स्टुडिओ 1942 साली उभा राहिला तेव्हापासून तर तारे आणि तारका शोधायला मान वर करायचीही गरज उरली नाही.

पण मान वर करण्याजोगं एक कारण आज मला तुम्हाला द्यायचं आहे. मेच्या अखेरीस, आभाळ भरून यायच्या आधी, रात्री साडेदहाच्या सुमारास गच्चीवर जा. उत्तरेला सप्तर्षी दिसतील. गावाकडे त्यांना बाज म्हणतात. त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे ओढत आणलात की अगदी माथ्यावर एक तेजस्वी, नारिंगी झाक असलेला तारा लागेल. तो स्वाती. तोच बाक आणखी पुढे दक्षिणेकडे नेला की पांढरीशुभ्र चित्रा. मुंबईच्या झगमगाटात मोजकेच तारे तग धरतात, त्यात हे दोघे आहेत.

स्वातीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे 37 वर्षं लागतात. पूर्वी हा आकडा 40 समजत. म्हणून शिकागोकरांनी 27 मे 1933 रोजी आपल्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या प्रकाशानं लावले. दुर्बिणीतून तो प्रकाश प्रकाशविद्युत घटावर घेतला, निघालेला सूक्ष्म प्रवाह वाढवला आणि त्यानं बटण दाबलं. त्यांच्या मते तो प्रकाश त्यांच्याच 1893 सालच्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेला. खऱ्या हिशेबानं तो 1896 सालचा, म्हणजे आपल्याकडे मांडवीत प्लेग सापडला त्या सुमाराचा. शिकागोच्या मंडळींनी हे ऐकलं असतं तर बहुधा दुसरा तारा शोधला असता.

आणि स्वाती आपल्या माथ्यावर आहे हे मी सैल अर्थानं म्हणत नाही. पृथ्वीचा आस हळूहळू डोलतो आणि स्वातीला स्वतःचीही गती आहे. त्यामुळे ज्या अक्षांशाच्या बरोबर माथ्यावरून तो जातो, तो अक्षांश वर्षाला अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त दक्षिणेकडे सरकतो. केरूनाना कुलाब्यात वेध घेत होते तेव्हा स्वाती डहाणूच्या माथ्यावरून जात असे. दीडशेहून अधिक वर्षं तो पालघर, वसई, बोरिवली करत शहरात उतरला आहे. सध्या त्याचा मार्ग शीवच्या आसपास आहे. हा फरक डोळ्यांना कळणार नाही, त्याला कुलाब्यासारखी पक्क्या चौथऱ्यावरची दुर्बीण हवी. पण गणित पक्कं आहे. पाच-सहा वर्षांत दादर, दहाएक वर्षांत परळ, मागोमाग लालबाग. गिरगावकरांनी मात्र घाई करू नये, त्यांचा नंबर लागायला अजून साधारण वीस वर्षं आहेत.