मातीची गाडी आणि मोटारगाडी

मुलासाठी आणलेले खेळणे पुष्कळदा बापाने स्वतःसाठीच आणलेले असते. ही गोष्ट सर्व बापांना ठाऊक असते आणि सर्व आयांना त्याहून अधिक ठाऊक असते. बाजारातून लाकडी किंवा पत्र्याची मोटार घरी येते. मुलाच्या हाती ती पडते न पडते तोच बापाच्या लक्षात येते की, हिचा रंग फार भडक आहे, चाके डगडगतात, पुढचे दिवे नुसते रंगविलेले आहेत. मग कानस निघते, पॉलिशकागद निघतो, रंगाच्या डब्या उघडतात. दोन रविवार जातात. तिसऱ्या रविवारी मोटार अगदी आगळी दिसू लागते. मधल्या काळात मुलगा काड्यापेटीची रिकामी पेटी दोरीने ओढीत घरभर हिंडत असतो आणि आई विचारते, ''अहो, त्याला तिच्याशी खेळू कधी देणार?''

श्रोतेहो, या हौसेची थट्टा करणे सोपे आहे. पण ती आजकालची नव्हे, आणि निव्वळ पोरकटपणाही नव्हे. तिचा इतिहास वाचावयाचा असेल तर माळव्यातील एक रस्ता पुरेसा आहे. धारहून निघावे, इंदूर ओलांडावे आणि देवासला पोचावे. हे अंतर जेमतेम शंभर किलोमीटर भरेल. दोन्ही टोकांना पवारांची मराठी संस्थाने होती आणि मध्ये होळकरांचे इंदूर. १९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. पण खेळण्यांच्या आणि गाड्यांच्या ज्या कथा त्या वाटेवर उरल्या आहेत, त्या अजून विचार करावयास लावतात.

प्रथम धार. अकराव्या शतकात येथे परमार राजा भोज राज्य करीत होता. त्याच्या नावावर असलेला 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ मुख्यतः वास्तुशास्त्राचा आहे. नगर कसे वसवावे, घर कसे बांधावे, हे सांगता सांगता त्याचा एकतिसावा अध्याय एकाएकी यंत्रांकडे वळतो, आणि त्यातली कितीतरी यंत्रे पाहिली तर ती मोठ्या माणसांची खेळणीच आहेत! तालावर नाचत नाचत दिव्यात तेल घालणारी लाकडी बाहुली, नाचणारे पोपट, पाणी पिणारा यांत्रिक हत्ती, दाराशी शस्त्र घेऊन उभा राहणारा लाकडी द्वारपाल, इतकेच नव्हे तर पाऱ्याच्या बळावर आकाशात उडणारा लाकडी पक्षी. यांपैकी किती गोष्टी खरोखर घडविल्या गेल्या आणि किती कल्पनेतच राहिल्या, हा वाद आपण पंडितांवर सोडू. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ साली हा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाल्यापासून तो चालूच आहे.

माझे लक्ष वेधून घेतात ती त्या अध्यायातील दोन बारीक विधाने. चांगल्या यंत्राचे गुण सांगताना ग्रंथकार म्हणतो की, त्याचे सांधे नीट जुळलेले असावेत, ते हलके असावे, जेथे आवाज नको तेथे त्याने आवाज करू नये, ते टिकाऊ असावे, आणि आतली रचना पाहणाऱ्याच्या नजरेस पडू नये. म्हणून तर यंत्रांची सविस्तर घडण त्याने मुद्दाम सांगितलेली नाही. आपल्याला ती ठाऊक नाही म्हणून नव्हे, तर गुप्तता राहावी म्हणून, असा खुलासा तो स्वतःच करतो. दुसरे विधान यंत्रे करणाऱ्याविषयी आहे. असा मनुष्य कोण? तर ज्याच्याजवळ परंपरेने आलेले कौशल्य आहे, ज्याला उपदेश लाभला आहे, ज्याने शास्त्राचा अभ्यास केला आहे, जो प्रत्यक्ष काम करीत राहतो आणि ज्याला बुद्धी आहे. या यादीत बुद्धी शेवटी आहे आणि परंपरेने आलेले कौशल्य अगदी आरंभी! कारागिराच्या घरी परंपरा म्हणजे दुसरे काय? बापाच्या शेजारी बसून मुलाने पाहिलेले काम. जी कळ पाहुण्यांपासून लपवावयाची, तीच मुलाला उघडून दाखवावयाची. खेळण्याच्या बाबतीत बापाचे कर्तव्य काय, याचे याहून नेमके सूत्र मला तरी दुसरीकडे सापडलेले नाही.

आता इंदूर. येथे १९२६ साली यशवंतराव होळकर गादीवर आले तेव्हा ते अठरा वर्षांचेही नव्हते. एकार्ट मुथेसियुस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी माणिकबाग राजवाडा बांधवून घेतला. नव्या युरोपीय शैलीचा असा राजवाडा त्या काळी हिंदुस्थानात दुर्मिळ होता. मोटारींच्या बाबतीतही त्यांची नजर तशीच चोखंदळ होती. त्या काळी उंची मोटार आजच्यासारखी सबंध तयार मिळत नसे. कारखान्याकडून इंजिन आणि चाकांसह नुसता सांगाडा विकत घ्यावयाचा आणि वरचा साज दुसऱ्या कारागिराकडून आपल्या पसंतीप्रमाणे चढवून घ्यावयाचा, अशी रीत होती. आपल्याकडे सुताराकडून छकडा करवून घेताना गिऱ्हाईक जसे साट्याची लांबी आणि दांड्यांची नक्षी आपल्या मनाप्रमाणे सांगे, तसेच हे. यशवंतरावांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून १९३५-३६ च्या सुमारास एक लांबलचक, दोनच माणसांसाठी केलेली मोटार बांधवून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. मोटारींचे जाणकार आजही तिचे नाव आदराने घेतात.

अशा हौसेला नुसती उधळपट्टी म्हणणे मला बरोबर वाटत नाही. पैसा असलेले संस्थानिक पुष्कळ होते. रेषेची आणि रंगाची अशी पारख असलेले थोडे. पण या हौसेत घडविणारे हात मात्र दुसऱ्यांचे होते, आणि विकत घेतलेली वस्तू पुन्हा विकलीही जाते. माणिकबागेतील सामान १९८० साली मोनाको येथे लिलावात गेले. मोटारी तर परदेशांतील संग्राहकांच्या दारी पोचल्या. पारख ही मोठी गोष्ट आहे खरी, परंतु ती वारसाहक्काच्या कागदावर लिहून देता येत नाही.

याच सुमारास फ्रान्समध्ये एक बाप वेगळ्या रीतीने आपली हौस भागवीत होता. एतोरे बुगाती हा शर्यतीच्या मोटारी तयार करणारा नामांकित कारखानदार. त्याचा धाकटा मुलगा रोलाँ चारपाच वर्षांचा होता. १९२६-२७ च्या सुमारास बुगातीने आपल्या गाजलेल्या 'टाइप ३५' या शर्यतीच्या मोटारीची निम्म्या आकाराची प्रतिकृती केली आणि ती विजेच्या बॅटरीवर चालविली. मुलगा खरोखर तिच्यात बसून ती हाकू शकत असे. भेटीस येणाऱ्या गिऱ्हाइकांनी ती पाहिली आणि 'आमच्याही मुलांना हवी' असा धोशा लावला. तेव्हा 'टाइप ५२' या नावाने तशा मोटारी विक्रीस निघाल्या. सुमारे पाचशे तयार झाल्या असे सांगतात. त्या पाचशे बापांनी मोटार विकत घेतली. पहिल्या बापाने आपल्याला जे येत होते ते मुलाच्या उंचीइतके लहान करून त्याच्यापुढे ठेवले. वस्तू एकच, परंतु देण्यात किती अंतर!

पुन्हा आपल्या वाटेला लागू या. देवास हे गावच मुळी विलक्षण. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्या पदरी १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खासगी चिटणीस होता. त्याच्याकडे जी खाती सोपविली होती त्यांत बागा, पाहुण्यांचा बंगला आणि वीजघर यांबरोबर महाराजांच्या मोटारीही होत्या. पुढे १९५३ साली त्याने 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्या दिवसांच्या आठवणी प्रसिद्ध केल्या. हौसेने मागविलेली पियानोसारखी वाद्ये नवीकोरी असतानाच माळव्याच्या कोरड्या हवेने कशी तडकून पडली होती, हे त्यात वाचावयास मिळते. फॉर्स्टर हे हसत हसत सांगतो. परंतु तुकोजीरावांच्या मनाच्या थोरवीवर आणि भक्तीवर त्याचे खरे प्रेम होते.

त्या वर्षी महाराजांचे पुत्र विक्रमसिंहराव अकरा वर्षांचे होते. खेळण्याचे वय सरत आले होते. पुढे सहाच वर्षांनी, १९२७ साली, पितापुत्रांत इतका दुरावा आला की युवराज देवास सोडून निघून गेले. तुकोजीरावही अखेर राज्य सोडून पाँडिचेरीस गेले आणि १९३७ साली तेथेच वारले. या दुराव्याची कारणे दरबारातल्या आणि घरातल्या अविश्वासात होती. मोटारींचा त्यात काही दोष नव्हता. पण वस्तूंनी भरलेल्या त्या राजवाड्यात एकही वस्तू अशी निघाली नाही की जी बाप आणि मुलगा यांना पुन्हा एका जागी बसवील. राजा असो की रंक, या ठिकाणी सर्वांची अडचण सारखीच असते.

विक्रमसिंहराव पुढे १९४७ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे शहाजी छत्रपती झाले. त्यांच्या आधीच्या राजाराम महाराजांची मेबॅक नावाची भव्य जर्मन मोटार कोल्हापूरकरांना सुपरिचित आहे. दसऱ्याच्या सोहळ्यात ती बाहेर निघते तेव्हा गर्दीतले बाप आपल्या पोरांना खांद्यावर घेतात आणि बोट करून दाखवितात. ती मोटार त्या बापांची नव्हे आणि कधी होणारही नाही. तरीही त्या क्षणी तिचा जो आनंद खांद्यावरच्या पोराला मिळतो, तो गादीवर बसणाराच्या आनंदाहून उणा नसावा, कारण खालचे खांदे बापाचे असतात.

देवासहून उज्जैन हाकेच्या अंतरावर आहे, आणि मोटारींच्या या वाटेचा शेवट एका मातीच्या गाडीपाशी व्हावा हे योग्यच आहे. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'चे कथानक याच उज्जयिनीत घडते. देवलांच्या संगीत नाटकामुळे ते मराठी घरांत ओळखीचे झाले. दरिद्री झालेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरतो. दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते. त्याचे समाधान होत नाही. तेव्हा वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते आणि यांची सोन्याची गाडी करून घे, असे सांगते. येथवरची गोष्ट सर्वांच्या लक्षात असते. पुढची मात्र आपण विसरतो. तेच दागिने न्यायसभेत विदूषकाजवळून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. खेळणे सोन्याचे करावयास गेलेली माया बापाला वधस्तंभाकडे नेते! तेथे मुलगा निरोप घ्यावयास येतो. त्याला देण्यासाठी चारुदत्ताजवळ काहीही उरलेले नसते. तो आपल्या गळ्यातले जानवे काढून मुलाला देतो. आणि ज्या मुलाने सोन्याच्या गाडीसाठी आकांत मांडला होता, तोच चांडाळांना म्हणतो की, मला मारा, पण बाबांना सोडा. त्याला हवे होते ते काय, हे त्याचे त्यालाच तेथे उमगते.

म्हणून बापांनी आपली हौस सोडावी असे मी म्हणत नाही. उलट तिच्यात मुलाला वाटेकरी करून घ्यावे. आपल्याकडे याला उत्तम दाखला आहे. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. चाकांवरचे लाकडी बैल रंगवून, सजवून मुले ओढीत नेतात आणि उत्तम सजावटीला बक्षीस मिळते. आदल्या रात्री घरोघरी बाप आणि मुले मिळून झुली शिवतात, शिंगांना बेगड लावतात. इकडे देशावर ज्वारीच्या ताटांची बैलगाडी करणारा शेतकरीही तेच करतो. चिपाडाची सालपटे कशी काढावी, भेंड कोठे टोचावे, चाक वाकडे का जाते, हे तो पोराला न शिकविता शिकवितो. ती गाडी संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. पण ती पुन्हा करावयाची कशी, हे मुलाच्या बोटांना कळलेले असते.

तेव्हा येत्या रविवारी खेळण्यातली मोटार रंगवावयास बसाल, तेव्हा दुसरा कुंचला मुलाच्या हाती द्या. रंग ओघळेल, दिवे वाकडे बसतील, मोटार प्रदर्शनात मांडण्याजोगी राहणार नाही. तिच्या आतली कळ मात्र त्याने पाहिलेली असेल, आणि धारच्या त्या ग्रंथाने यादीच्या आरंभी जी गोष्ट ठेवली आहे, ती तुमच्या घरी एक पिढी पुढे सरकली असेल.