उन्हाळ्याची सुटी : घरातील सर्वांची
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात फैजपूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षा संपल्या की आपल्या मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : ‘सुटीत कुठे जायचे?’ सुटीत काय करायचे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. पुणे, मुंबई, सुरत येथे स्थायिक झालेली आपली कुटुंबे चार दिवस गावी येतात. मुले त्या चार दिवसांत फोनवर मान खाली घालून बसतात, वडील मळ्याचा हिशेब पाहतात आणि आई चुलीपुढे उभी राहते. सुटी सर्वांना मिळाली, पण ती एकत्र कोणीच घेतली नाही, असा हा प्रकार आहे. शिक्षण, कला आणि आरोग्य या तिन्ही गोष्टी घरबसल्या, घरातल्या सर्वांनी मिळून साधता येतील अशी सुटी कशी घालवावी, यासंबंधी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अशा कामाला साधने लागतात, ती खेड्यात कोठून आणावीत, अशी शंका कोणी घेईल. तिला फैजपूरच्या भूमीनेच उत्तर देऊन ठेवले आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन याच ठिकाणी झाले. त्याच्या तिलकनगराची सजावट महात्माजींनी शांतिनिकेतनचे थोर चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे सोपविली होती. नंदलालबाबूंनी बाहेरून भारी सामान मागविले नाही. बांबू, गवत, टोपल्या अशा खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतूनच नगर उभे केले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूकही बैलांच्या रथातून निघाली. साऱ्या देशाचे डोळे दिपविणारी कला जर या गावी बांबूतून उभी राहू शकली, तर आपल्या मुलांच्या हाताला काम द्यावयास महागडे शिबिरच हवे, असे कसे म्हणता येईल?

आता विद्येकडे वळू. चाळीसगावाजवळ पाटणादेवीचे स्थान आहे. देवदर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण तेथे जातात. परंतु पाटण येथे सापडलेला शिलालेख काय सांगतो, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असते. ‘लीलावती’ व ‘सिद्धांतशिरोमणी’ या ग्रंथांचे कर्ते भास्कराचार्य यांचा जन्म १११४ चा. त्यांनी विद्या घेतली ती आपल्या वडिलांकडून, महेश्वरांकडून. पुढे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव (हे योगी चांगदेव नव्हेत) यादवांच्या पदरी ज्योतिषी झाला आणि त्याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटण येथे मठ स्थापिला. तेराव्या शतकाच्या आरंभीची ही हकीकत आहे. बापाने मुलास शिकवावे आणि नातवाने आजोबांची विद्या पुढच्यांच्या हाती द्यावी, ही रीत आपल्या खानदेशाची आहे. आपला नातू आपली कोणती विद्या पुढे नेणार आहे, हा प्रश्न प्रत्येक आजोबांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

केवळ ग्रंथ लिहिणाऱ्यांच्याच घरी विद्या असते असे मात्र नव्हे. असोद्याच्या लेकी आणि जळगावच्या सूनबाई बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्यांच्या ओठांवर ओव्या येत. पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी त्या टिपून ठेवल्या, म्हणून त्या उरल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. घरात कोणी टिपणारा नसता, तर हे धन जात्याच्या घरघरीतच विरून गेले असते. आपल्या घरोघरच्या आजींच्या ओव्या, म्हणी, औषधे, नात्यागोत्याच्या आठवणी कोण टिपतो आहे? डोळ्याचा ‘डोया’ करणारी आपली गोड बोली शहरातील नातवंडांना समजेनाशी झाली आहे. या सुटीत प्रत्येक मुलाने एक वही घालावी आणि आजीच्या तोंडचा रोज एक शब्द, आठवड्याला एक गाणे तिच्यात उतरावे. ज्या फोनमुळे मुले आपल्यापासून दुरावली, त्याच फोनवर आजीचा आवाज साठविता येतो. यंत्राचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

भगिनींनो, आता तुमच्यासंबंधीचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मुलांच्या सुटीचे दिवस म्हणजे आपल्या घरच्या बायकांच्या सर्वाधिक कष्टाचे दिवस. पापड, कुरडया, शेवया, ज्वारीचे बिबडे, वर्षाचे तिखट, लोणची आणि वर पाहुण्यांची पंगत! ज्या सुटीत आईला क्षणभर पाठ टेकता येत नाही, तिला कुटुंबाची सुटी म्हणणे हा भाषेचा अपमान आहे. कोणी म्हणतील, ‘मग हे सारे विकतच आणावे.’ आणावयाचे त्यांनी खुशाल आणावे. परंतु मला दुसरा मार्ग अधिक रुचतो. ते काम साऱ्या घराचे करावे, आणि आईने त्या दिवशी घरातील गुरूचे आसन घ्यावे.

कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलावे लागते. मग तो वाटून चीक काढतात. चीक तळाशी का बसतो? गव्हातील पिष्ट थंड पाण्यात विरघळत नाही, म्हणून. चुलीवर ठेवताच तो घट्ट का होतो? उष्णतेने पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून. वाळवण वर्षभर का टिकते? बुरशीला जगण्यापुरतेही पाणी त्यात उरत नाही, म्हणून. शाळेतील विज्ञानाचा हा धडा अंगणातील खाटेवर मांडलेला आहे. चीक मुलाने ढवळावा, सोऱ्या वडिलांनी दाबावा, आणि चूक आईने काढावी. सोऱ्या दाबल्याने कोणाही पुरुषाच्या प्रतिष्ठेला बाध आल्याचे ऐकिवात नाही. चार हात लागले की काम सकाळी आठाच्या आत आटोपते, आणि दुपार आईचीही होते. त्या दुपारी तिने पुस्तक वाचावे, भरतकाम करावे, नाहीतर निवांत झोपावे. तिला काय आवडते, हे निदान एकदा घरच्यांनी विचारावे.

आरोग्याच्या बाबतीत आपला उन्हाळाच आपला गुरू आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दिवसाची आखणी सूर्याला विचारूनच केली पाहिजे. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालावेत, मळ्यात फेरी मारावी आणि विहिरीचे पाणी किती हात खाली गेले ते मुलांना मोजावयास लावून त्याचे कारण आजोबांना विचारावयास सांगावे. अकरा ते चार उन्हात जाऊ नये. कैरीचे पन्हे, ताक आणि भरपूर पाणी घ्यावे. उन्हाने एखाद्याचे अंग तापून तो बरळू लागला, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. सावलीत नेऊन ओल्या फडक्यांनी अंग गार करावे आणि तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. पोहणे अवश्य शिकावे; पण जाणत्याच्या देखरेखीखाली. अनोळखी डोहात उडी घेणे म्हणजे धाडस नव्हे.

दुपारची वेळ कलेची. चाळीसगावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आपल्या घरातच मेजावर साध्या वस्तू मांडून, त्यांतून निसर्गदृश्यांचा भास निर्माण करणारी छायाचित्रे घेतली. त्यांची वास्तू आज कलादालन म्हणून पाहता येते. मोठी सहल काढावयाचीच असेल, तर ते कलादालन आणि पाटणादेवी अशी जोडसहल भल्या सकाळी निघून करावी. एरवी दिवाणखान्यातील मेज, चार वस्तू आणि खिडकीचा उजेड मुलांना पुरेल.

समारोपादाखल प्रत्येक घरापुढे तीन संकल्प ठेवतो. पहिला, या सुटीत घरातील प्रत्येकाने एक गोष्ट शिकावी आणि एक शिकवावी. सहा वर्षांच्या नातीलाही आजोबांना शिकविण्यासारखे काहीतरी येतेच. दुसरा, वाळवणाच्या कामात पुरुष व मुलगे यांचा वाटा ठरवून घ्यावा. तिसरा, आजीची वही भरावी. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या वह्यांतील निवडक पाने छापावीत, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे. आपल्या घरी बहिणाबाई असतील वा नसतील. टिपणारा सोपानदेव मात्र प्रत्येक घरी असावा, हे आपल्या हातचे आहे.